शुल्क शून्य, तरी गाडी अडली: ब्रेग्झिटचा हिशेब

२०१४ च्या मे महिन्यात, ऐन हंगामात, लंडन आणि लेस्टरच्या भारतीय दुकानांतून हापूस गायब झाला. भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांमध्ये फळमाशी आणि इतर किडी सापडल्या, म्हणून युरोपीय संघाने १ मेपासून भारतीय आंब्यावर बंदी घातली. आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूही अडकलं. युरोपात भारतीय आंब्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक ब्रिटन होतं. तिथल्या व्यापाऱ्यांनी ओरड केली, लेस्टरच्या खासदाराने प्रश्न लावून धरला. पण ब्रिटिश सरकारला ही बंदी एकट्याने उठवता येत नव्हती. निर्णय ब्रसेल्सचा, म्हणजे युरोपीय संघाच्या मुख्यालयाचा, होता आणि तो २८ देशांना सारखाच लागू होता. भारताने निर्यातीआधीची तपासणी कडक केल्यावर २०१५ च्या हंगामापूर्वी बंदी उठली, तीही ब्रसेल्सनेच उठवली.

व्यापारी गटात असणं म्हणजे हे. बाहेरच्याशी कसं वागायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं, आणि एकदा ठरलं की एकट्याला वेगळं वागता येत नाही. आता त्या बदल्यात काय मिळतं ते पाहू, कारण ब्रेग्झिट म्हणजे ब्रिटनचं युरोपीय संघातून बाहेर पडणं, आणि ३१ जानेवारी २०२० ला त्याने जे सोडलं ते हेच ‘बदल्यात मिळणारं’ होतं.

युरोपीय संघात दोन थर आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला थर सीमाशुल्क संघाचा. गटातल्या देशांनी एकमेकांच्या मालावर आयात शुल्क लावायचं नाही आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्यांनी एकच दर लावायचा. जपानी गाडी रॉटरडॅमला उतरो की हॅम्बुर्गला, शुल्क तेच, आणि एकदा आत आली की पुढे कुठेही विचारपूस नाही. दुसरा थर एकल बाजारपेठेचा, जो १९९३ पासून पूर्णपणे चालू झाला. यात नियमही एक. खेळण्यात कुठला रंग चालेल, मटणाच्या कारखान्यात कुणी तपासणी करायची, डॉक्टरची पदवी कुठे ग्राह्य धरायची, हे सगळं एका पुस्तकात. माल, पैसा, सेवा आणि माणसं, चौघांनाही वाट मोकळी. तुर्कस्तान (बहुतेक मालापुरता) पहिल्या थरात आहे, दुसऱ्यात नाही. नॉर्वे दुसऱ्यात आहे, पहिल्यात नाही. ब्रिटन दोन्हींतून बाहेर पडला.

पहिल्या थराची किंमत मोजणं सोपं असतं, कारण शुल्क आकड्यात असतं. दुसऱ्याची किंमत दिसत नाही. ज्यांनी २०१७ पूर्वीचे मुलुंडचे किंवा दहिसरचे जकात नाके पाहिलेत त्यांना हे लगेच कळेल. ट्रकवाला भरलेल्या जकातीला जेवढ्या शिव्या घालायचा, त्याहून जास्त शिव्या नाक्यावर गेलेल्या रात्रीला घालायचा. रांग, पावत्या, तपासणी, एजंट, चहापाणी. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ते नाके गेले. ब्रिटनने नेमकं उलट केलं. शुल्क शून्यच ठेवलं आणि नाका नव्याने बांधला.

## निकालाची रात्र आणि फसलेलं भाकीत

ब्रिटन १ जानेवारी १९७३ ला युरोपीय आर्थिक समुदायात गेला. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, राहायचं का यावर सार्वमत घेतलं तेव्हा दोन तृतीयांश लोक ‘राहू’ म्हणाले. २३ जून २०१६ ला पुन्हा विचारलं तेव्हा ५१.९ टक्के लोक ‘जाऊ’ म्हणाले.

पहिला परिणाम काही तासांत दिसला. मतमोजणी चालू असतानाच पौंड दीड डॉलरवरून १.३३ डॉलरच्याही खाली आला. १९८५ नंतर इतक्या खाली तो कधी गेला नव्हता. पुण्या-मुंबईहून त्या वर्षी ब्रिटनला शिकायला निघालेल्या मुलांच्या घरी मात्र थोडा आनंद झाला असणार. शंभर रुपयांच्या आसपास असलेला पौंड ऑक्टोबरपर्यंत ऐंशीच्या घरात आला होता, म्हणजे फी आपोआप स्वस्त झाली.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी गोष्ट वेगळी होती. चलन पडलं की आयात महागते, आणि ब्रिटन आपल्या अन्नाचा मोठा भाग बाहेरून आणतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये महागाई ३.१ टक्क्यांवर गेली. तिथल्या मध्यवर्ती बँकेचं लक्ष्य २ टक्के आहे. देश तेव्हा बाहेर पडलाही नव्हता. नुसतं ‘पडणार’ एवढं ठरलं होतं.

चलन पडलं की निर्यात वाढते असं पाठ्यपुस्तकात असतं. थोडी वाढलीही. पण आजकाल निर्यातीच्या मालात अर्धे सुटे भाग बाहेरून आणलेले असतात, आणि तेही महागतात. शिवाय उद्या सीमेवर काय नियम असतील हे माहीत नसताना परदेशी गिऱ्हाईक दहा वर्षांचा करार करत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण ती विसरली जाते. मतदानापूर्वी, मे २०१६ मध्ये, ब्रिटिश अर्थखात्याने सांगितलं होतं की ‘जाऊ’ असा कौल लागला तर लगेच मंदी येईल आणि पाच लाख नोकऱ्या जातील. तसं काही झालं नाही. मंदी आली नाही, बेकारी उलट कमी होत गेली. बँक ऑफ इंग्लंडने ऑगस्टमध्ये व्याजदर अर्ध्या टक्क्यावरून पाव टक्क्यावर आणला, त्याचीही मदत झाली. पण मूळ चूक अशी की घसरगुंडी होईल असं सांगितलं गेलं, आणि प्रत्यक्षात जे झालं ते झिजण्यासारखं होतं. त्यानंतर अर्थतज्ज्ञ काहीही म्हणाले तरी निम्मा देश ‘तुम्ही मागेही असंच म्हणाला होतात’ असं ऐकवायचा. माझ्या मते त्या एका भाकिताने पुढच्या चर्चेचं जितकं नुकसान केलं तितकं ‘जाऊ’वाल्यांनी प्रचाराच्या बसवर रंगवलेल्या आकड्यानेही केलं नाही.

तो बसवरचा आकडा: आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात, ते आपल्या आरोग्यसेवेला देऊ. ब्रिटनला मिळणारी सूट आणि युरोपकडून परत येणारा पैसा त्यात धरलेला नव्हता. निव्वळ वर्गणी साधारण वर्षाला आठ-नऊ अब्ज पौंड होती. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

२०१६ ते २०२० या काळात झिजेची सुरुवात झाली ती गुंतवणुकीतून. २०१६ पर्यंत ब्रिटिश कंपन्यांची गुंतवणूक बऱ्या वेगाने वाढत होती. मग ती जवळपास जागच्या जागी थांबली. कुणी कारखाने पाडले नाहीत. नवे बांधायचे ते पुढे ढकलले. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी मार्च २०१७ मध्ये बाहेर पडण्याची नोटीस दिली, संसदेने त्यांचा करार तीनदा फेटाळला, बाहेर पडायची तारीख पुन्हा पुन्हा पुढे गेली, आणि या सगळ्या काळात कारखान्याचा मालक काय करणार? थांबणार. न बांधलेला कारखाना बातमीत येत नाही.

बातमीत आलेले कारखानेही सरळ उत्तर देत नाहीत. होंडाने स्विंडनचा कारखाना जुलै २०२१ मध्ये बंद केला, साडेतीन हजार नोकऱ्या गेल्या. कंपनी म्हणाली, याचा ब्रेग्झिटशी संबंध नाही, आम्ही विजेच्या गाड्यांकडे वळतोय. ते खरं असेलही. त्याच सुमाराला युरोप आणि जपानचा व्यापार करार झाला होता, त्यामुळे जपानमध्ये बनवून युरोपात विकणं हळूहळू बिनशुल्क होणार होतं. युरोपात शिरण्यासाठी ब्रिटनचा दरवाजा लागतो, हे कारण दोन्ही बाजूंनी एकाच वेळी संपलं.

## हॅमचं सँडविच

ब्रिटन आणि युरोपीय संघाचा व्यापार करार २४ डिसेंबर २०२० ला, नाताळच्या आदल्या दिवशी झाला. एक जानेवारी २०२१ पासून तो लागू; तोवर संक्रमणकाळ म्हणून जुनेच नियम चालू होते. आयात शुल्क शून्य, कोटा नाही. तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी तो विजय म्हणून मांडला, आणि शुल्कापुरतं पाहिलं तर तो खरोखरच उदार करार होता.

जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात डच टीव्हीवर एक दृश्य दिसलं. बोटीतून उतरलेल्या ट्रक ड्रायव्हरांचे जेवणाचे डबे डच सीमाशुल्क अधिकारी तपासत होते. एकाच्या सँडविचमध्ये हॅम होतं. बाहेरच्या देशातून मांस वैयक्तिक सामानातही आणता येत नाही असा युरोपचा नियम आहे. ड्रायव्हर म्हणाला, मांस काढून घ्या, पाव तरी राहू द्या. अधिकारी म्हणाला, नाही, सगळंच जप्त. ‘वेलकम टू द ब्रेग्झिट, सर. आय अ‍ॅम सॉरी.’ लोक हसले. पण त्या पावाला जो नियम लागला तोच ट्रकच्या मागच्या भागातल्या वीस टन मालालाही लागत होता.

कसा, ते एका गाडीवर पाहू. यॉर्कशरमधला एक छोटा उत्पादक चीज बनवतो आणि फ्रान्समधल्या दुकानांना दर आठवड्याला चार-पाच खोकी पाठवतो. डिसेंबर २०२० पर्यंत त्याला एक बिल पुरत होतं, जणू लीड्सलाच माल पाठवतोय. जानेवारीपासून निर्यातीचं घोषणापत्र, फ्रान्सच्या बाजूचं आयातीचं घोषणापत्र, माल कुठे बनला याचा जबाब, आणि दूध-मांस-मासे असेल तर आरोग्य प्रमाणपत्र, त्यावर पशुवैद्यकाची सही, हवी त्या भाषेत. हा खर्च खेपेमागे असतो, किलोमागे नसतो. वीस टन माल असेल तर किलोला पैसे-दोन पैसे पडतात. पाच खोकी असतील तर नफा जाऊन वर खिशातले जातात.

आणि पाच खोक्यांसाठी वेगळा ट्रक कुणी करत नाही. दहा जणांचा माल एका गाडीत भरतात. त्या दहांपैकी एकाच्या कागदावर तारीख चुकली, शिक्का भलत्या रंगात उमटला, की गाडी अडते आणि उरलेल्या नवांचा मालही तिथेच पडून राहतो. वाहतूकदारांनी सरळ सांगायला सुरुवात केली की असला मिसळीचा माल आम्ही घेत नाही. स्कॉटलंडच्या मच्छी निर्यातदारांना याचा सगळ्यात मोठा फटका बसला, कारण ताजी कोळंबी कागदाची वाट पाहत नाही. १८ जानेवारी २०२१ ला त्यांनी आपले ट्रक थेट लंडनला, पंतप्रधानांच्या निवासाजवळच्या रस्त्यावर आणून उभे केले. यातल्या अनेक मच्छीमारांनी ‘जाऊ’ म्हणून मत दिलं होतं.

कालवं आणि शिंपल्यांची गोष्ट तर अजून बोलकी. समुद्राच्या पाण्याची शुद्धता पाहून त्याचे वर्ग ठरवलेले असतात. ‘ब’ वर्गाच्या पाण्यातले जिवंत शिंपले आधी स्वच्छ न करता गटाबाहेरच्या देशाने युरोपात पाठवायचे नाहीत, असा नियम. हा नियम ब्रिटनला त्रास द्यायला नव्याने केलेला नव्हता. तो ब्रिटन आत असतानाच होता, ब्रिटनच्या सहभागाने चालू होता. फक्त तेव्हा ‘बाहेरचे’ दुसरे होते.

माल ‘कुठला’ हा प्रश्न आत असताना पडतच नाही. बाहेर पडल्यावर तो रोजचा होतो. शून्य शुल्क ब्रिटिश मालाला आहे, ब्रिटनमधून निघालेल्या सगळ्या मालाला नाही. मार्क्स अँड स्पेन्सर नावाच्या मोठ्या दुकानसाखळीची ‘पर्सी पिग’ ही डुकराच्या तोंडाच्या आकाराची गोळी ब्रिटनमध्ये पोरांच्या फार आवडीची. ती बनते जर्मनीत. जर्मनीहून ब्रिटनच्या गोदामात येताना शुल्क नाही. तिथून आयर्लंडच्या दुकानात पाठवली की शुल्क लागू शकतं, कारण युरोपात बनलेली असली तरी ब्रिटनमध्ये तिच्यावर काही काम झालं नाही, म्हणून ती ‘ब्रिटिश’ नाही, आणि एकदा बाहेर गेली म्हणून ‘युरोपीय’ही उरली नाही. कंपनीच्या प्रमुखांनी हेच उदाहरण जानेवारी २०२१ मध्ये दिलं होतं.

मग किती नुकसान झालं? लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी कंपनीनिहाय सीमाशुल्काच्या नोंदी तपासल्या. त्यात दिसलं की युरोपला निर्यात करणाऱ्या कंपन्यांपैकी १४ टक्के, म्हणजे १६ हजारांच्या वर, कंपन्यांनी तिथे माल पाठवणं साफ बंद केलं. जवळजवळ सगळ्या छोट्या. ब्रिटनची एकूण माल निर्यात सुमारे ६.४ टक्क्यांनी कमी झाली. मोठ्या कंपन्यांनी कागदांसाठी वेगळा विभाग उघडला आणि धंदा चालू ठेवला. एकूण आकडा तितका भयंकर दिसत नाही त्याचं कारण हेच, आणि उद्याची मोठी कंपनी आजच्या छोटीतूनच निघते, हा त्यातला न दिसणारा भाग.

गंमत म्हणजे ब्रिटनने आपल्या बाजूचा नाका बरीच वर्षं उघडलाच नाही. युरोपातून येणाऱ्या अन्नाची तपासणी करायची तर दुकानातल्या भाज्या महागतील आणि बंदरावर कोंडी होईल, या धास्तीने सरकारने तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलली. शेवटी ३० एप्रिल २०२४ ला प्रत्यक्ष तपासणी सुरू झाली. डोव्हरमार्गे येणाऱ्या अशा मालाला प्रत्येक प्रकारामागे २९ पौंडांपर्यंत आकार, एका खेपेला जास्तीत जास्त १४५. सालामी, फुलं, रोपं आणणाऱ्या छोट्या दुकानदारांनी पुन्हा डोक्याला हात लावला. म्हणजे तीन वर्षं अशी होती की ब्रिटिश शेतकऱ्याचा माल फ्रान्सला जाताना तपासला जायचा आणि फ्रेंच शेतकऱ्याचा ब्रिटनला येताना नाही.

## सीमा कुठे आखायची

आयर्लंडबद्दल थोडक्यात, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आयर्लंड प्रजासत्ताक युरोपीय संघात, उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये, मध्ये सुमारे ५०० किलोमीटरची सीमा, शेतांतून आणि घरांच्या अंगणांतून जाणारी. तीस वर्षांच्या रक्तपातानंतर १९९८ मध्ये शांतता करार झाला आणि ती सीमा नावापुरती उरली. आता ब्रिटन एकल बाजारपेठेबाहेर गेला की कुठेतरी तपासणी आलीच. जमिनीवर केली तर शांतता धोक्यात, समुद्रात केली तर स्वतःच्याच देशाचे दोन तुकडे. जॉन्सन यांनी समुद्र निवडला. मग लिव्हरपूलहून बेलफास्टला सॉसेज पाठवायचे तर कागद लागू लागले. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी विंडसर आराखड्याने त्यात वाट काढली: उत्तर आयर्लंडमध्येच विकला जाणारा माल हिरव्या मार्गिकेने, पुढे प्रजासत्ताकात जाऊ शकणारा लाल मार्गिकेने. पाकिटावर ‘युरोपीय संघासाठी नाही’ असा छाप.

आयर्लंडच्या व्यापाऱ्यांनी मात्र आपली वाट बदलून टाकली. पूर्वी डब्लिनचा ट्रक बोटीने वेल्सला, मग ब्रिटन ओलांडून डोव्हरला, तिथून फ्रान्सला जायचा. जानेवारी २०२१ च्या पहिल्याच आठवड्यात रॉसलेअरहून थेट डंकर्कला बोट सुरू झाली. प्रवास लांब, पण मधे दोनदा नाका नाही. वेल्सच्या होलीहेड बंदराचा धंदा त्याने घसरला.

लंडनच्या वित्तबाजारात बदल एका दिवसात झाला. आत असताना लंडनच्या बँकेला एका परवान्यावर सगळ्या युरोपात धंदा करता यायचा. ४ जानेवारी २०२१ ला, करारानंतरच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी, सुमारे ६ अब्ज युरोंचे युरोपीय शेअरचे व्यवहार लंडनमधून युरोपीय शहरांत गेले, आणि त्या महिन्यात ॲमस्टरडॅम शेअर उलाढालीत लंडनच्या पुढे गेलं. युरोपीय औषध संस्था तर २०१९ मध्येच ॲमस्टरडॅमला हलली होती, बँकिंग प्राधिकरण पॅरिसला.

तरीही लंडन ओस पडलं नाही. अमेरिकेनंतर जगात सर्वांत जास्त सेवा निर्यात करणारा देश आजही ब्रिटनच आहे, आणि त्याची सेवा निर्यात या काळात चांगली वाढली. सल्ला, कायदा, जाहिरात, सॉफ्टवेअर यांना बंदरावर थांबावं लागत नाही. नाक्याचा त्रास ज्याला चाकं आहेत त्याला.

## माणसं आली, पण दुसरीकडून

बाहेर पडण्यामागचं एक मोठं कारण स्थलांतर होतं. पोलंड, रुमानियातून मुक्तपणे येणारे कामगार थांबवायचे होते, आणि ते थांबले. २०२१ च्या सप्टेंबरात ब्रिटनभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. पेट्रोल भरपूर होतं, टँकर चालवायला ड्रायव्हर नव्हते. कोविडमुळे परवान्याच्या परीक्षा रखडल्या होत्या, आणि युरोपीय ड्रायव्हर घरी परतले होते. सरकारने घाईने पाच हजार तात्पुरते व्हिसा काढले, पण नाताळपर्यंतच्या नोकरीसाठी फारसं कुणी आलं नाही.

मात्र एकूण स्थलांतर घटलं नाही. गुणांवर आधारित नव्या पद्धतीत युरोपीय माणसाला खास वागणूक नाही, म्हणजे पुण्याच्या अभियंत्याला आणि लिस्बनच्या अभियंत्याला एकच रांग. केरळच्या नर्सेस, नायजेरियाचे काळजीवाहू, भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने आले. २०२३ च्या सुमारास निव्वळ स्थलांतर वर्षाला नऊ लाखांच्या वर गेलं, ब्रिटनच्या इतिहासात कधी नव्हतं इतकं, आणि येणाऱ्यांत भारतीय आघाडीवर होते. ‘जाऊ’ म्हणणाऱ्या मतदाराने हे मागितलं होतं असं कुणी म्हणणार नाही. त्यानंतर सरकारने व्हिसाचे नियम आवळले आणि आकडा झपाट्याने खाली आला.

## नवे करार किती भरून काढतात

बाहेर पडल्यावर स्वतःचे करार स्वतः करता येतात, हा खरा फायदा. ब्रिटनने ऑस्ट्रेलियाशी केला, न्यूझीलंडशी केला, डिसेंबर २०२४ मध्ये प्रशांत महासागराभोवतीच्या देशांच्या गटात शिरला. भारताशी करार ६ मे २०२५ ला ठरला आणि २४ जुलैला त्यावर सह्या झाल्या. स्कॉच व्हिस्कीवरचं भारताचं १५० टक्के शुल्क आधी ७५ वर आणि दहा वर्षांत ४० वर. भारताच्या जवळजवळ सगळ्या मालाला ब्रिटनमध्ये शुल्कमुक्त प्रवेश. कंपनीने तात्पुरतं ब्रिटनला पाठवलेल्या भारतीय कर्मचाऱ्याला दोन्हीकडे सामाजिक सुरक्षेचे पैसे भरावे लागणार नाहीत, यात मुंबई-पुण्याच्या आयटी कंपन्यांना थेट रस आहे. युरोपीय संघात असता तर ब्रिटनला हा करार एकट्याने करता आला नसता.

आता ब्रिटिश सरकारचेच आकडे. ऑस्ट्रेलियाच्या करारातून दीर्घकाळात ०.०८ टक्के उत्पन्नवाढ. न्यूझीलंड ०.०३. भारत, या सगळ्यांत मोठा, वर्षाला ४.८ अब्ज पौंड. आणि दुसऱ्या पारड्यात, ब्रिटनच्या स्वतंत्र अंदाजपत्रकीय कार्यालयाच्या अंदाजानुसार, युरोपमध्ये राहिलो असतो त्यापेक्षा उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी. चार टक्के म्हणजे आजच्या ब्रिटनमध्ये शंभर अब्ज पौंडांहून जास्त. त्यातला एक तृतीयांश जरी करातून सरकारकडे आला असता असं धरलं, तर तिजोरीचं नुकसान मघाच्या आठ-नऊ अब्जांच्या वर्गणीपेक्षा कितीतरी मोठं होतं.

अंतर हे याचं साधं कारण. देश सगळ्यात जास्त व्यापार जवळच्या आणि मोठ्या शेजाऱ्याशी करतात. ब्रिटनची चाळीस टक्क्यांहून अधिक निर्यात आजही युरोपलाच जाते. डोव्हरहून कॅले पस्तीस किलोमीटरही नाही. सिडनी कितीही मित्र असलं तरी सिडनी आहे.

आणि करार कितीही असोत, ‘माल कुठला’ हा प्रश्न सुटत नाही. टाटा मोटर्सच्या जग्वार लँड रोव्हरने ब्रेग्झिटच्या आधीच स्लोव्हाकियातल्या नित्रा इथे कारखाना काढायचं ठरवलं होतं, तो २०१८ मध्ये सुरू झाला. डिफेंडर ही गाडी तिथे बनते. ब्रिटिश गाडी म्हणून जग ती ओळखतं, मालकी मुंबईची, पण भारत-ब्रिटन करारातली शुल्कसवलत तिला मिळत नाही, कारण कागदोपत्री ती स्लोव्हाकियाची.

एक नोंद दुसऱ्या बाजूने. एप्रिल २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी जगभर शुल्क लावलं तेव्हा ब्रिटनला १० टक्के आणि युरोपीय संघाला २० टक्के जाहीर झालं, पुढे वाटाघाटीत युरोपचं १५ वर आलं. एकटं असण्याचा हा फायदा झाला, हे मान्य करायलाच हवं.

## जे झालं नाही ते मोजायचं कसं

चार टक्के हा आकडा कुठून आला, असा प्रश्न पडायला हवा. ब्रिटन २०१६ पासून गरीब झालेला नाही. तो वाढलाच आहे. प्रश्न आहे तो किती वाढला असता याचा, आणि तो ब्रिटन अस्तित्वातच नाही. म्हणून संशोधक एक काल्पनिक ब्रिटन रचतात. अमेरिका, जर्मनी, न्यूझीलंड यांसारख्या देशांच्या आकडेवारीचं असं मिश्रण करायचं की २०१६ पूर्वीच्या ब्रिटनशी ते तंतोतंत जुळेल, मग ते मिश्रण पुढे कसं वाढतं ते पाहायचं. खरा आणि काल्पनिक यांतलं अंतर म्हणजे ब्रेग्झिटची किंमत. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्चने नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे आणि कंपन्यांच्या पातळीवरचं गणित मिळून २०२५ पर्यंत उत्पन्न ६ ते ८ टक्क्यांनी कमी झाल्याचं म्हटलं आहे.

यावर आक्षेप आहेत आणि ते फुटकळ नाहीत. मिश्रणात अमेरिका असली की तिथल्या स्वस्त गॅसमुळे आणि प्रचंड सरकारी खर्चामुळे झालेली वाढही ब्रिटनला ‘मिळाली असती’ असं धरल्यासारखं होतं. जर्मनी संघात राहूनही २०२३ आणि २०२४ मध्ये आक्रसलाच. कोविड, युक्रेन युद्ध, वीज-गॅसचे भाव, सगळं एकाच काळात आलं. मला स्वतःला ८ हा आकडा जास्त वाटतो आणि शून्याजवळचे आकडे न पटणारे. पण दिशेबद्दल गंभीर अभ्यासकांत फारसा वाद उरलेला नाही.

स्वायत्ततेची किंमत किती द्यायची हे अर्थशास्त्र ठरवत नाही. आपले नियम आपल्या संसदेने करावेत म्हणून चार टक्के सोडायला एखादा देश तयार असेल तर तो त्याचा हक्क आहे. तक्रार एवढीच की मतदाराला ती किंमत आधी कुणी नीट सांगितली नाही. एका बाजूने उद्याच प्रलय येणार म्हणून घाबरवलं आणि दुसरीने उलट पैसे मिळतील असं सांगितलं.

१९ मे २०२५ ला लंडनमध्ये ब्रिटनचे पंतप्रधान कीर स्टार्मर आणि युरोपीय संघाच्या नेत्यांनी पुन्हा जुळवून घेण्याचा आराखडा मान्य केला. सीमाशुल्क संघात किंवा एकल बाजारपेठेत परत जायचं नाही, असं स्टार्मर यांनी सांगितलं. पण अन्न, जनावरं आणि रोपं यांच्यापुरती वेगळी व्यवस्था करायची, म्हणजे पशुवैद्यकाची सही आणि बहुतेक तपासण्या जातील. त्यासाठी ब्रिटनने युरोपचे अन्नविषयक नियम पाळायचे, ते बदलले की आपलेही बदलायचे, त्या व्यवस्थेच्या खर्चात वाटा द्यायचा, आणि नियम ठरवताना मत मात्र द्यायचं नाही. त्याच बैठकीत युरोपीय बोटींना ब्रिटिश पाण्यातली मासेमारी २०३८ पर्यंत वाढवून मिळाली. २०२१ मध्ये ट्रक घेऊन लंडनला आलेल्या निर्यातदारांना कागद कमी होणार म्हणून ही बातमी बरी वाटली, आणि बोटवाल्यांच्या संघटनांनी त्याच दिवशी निषेधाची पत्रकं काढली.